कुणाला किती

पडद्यावर एक आडवी पट्टी होती आणि तिच्या मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडं विंडोज, उजवीकडं लिनक्स मिंट, विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली. एकाच डिस्कवरची जागा दोघांत वाटायची होती. माउसचा बाण रेघेवर नेला की त्याला दोन तोंडं फुटायची, एक इकडं, एक तिकडं. मी रेघ जराशी डावीकडं ओढली, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. दोन्ही बाजूंचे आकडे पळत होते. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून बघत होते. हातात अडकित्ता, मांडीवर सुपारीची डबी. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाले, "कुणाला किती, हे तू एकट्यानंच ठरवायचं होय?"

मी हसलो. लॅपटॉप त्यांचा, त्यावर बसणार ते, आणि रेघ ओढत होतो मी. "तुम्ही सांगा की" म्हणायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, "अण्णा, त्यात काय ठरवायचंय? जागा तर भरपूर आहे."

हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलेलं होतं.

पाडव्याची दुपार होती. आई जेवणानंतर कलंडली होती, अंगणात आदल्या रात्रीच्या फटाक्यांचे लाल कागद उडत होते. आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची मुदत संपली होती आणि २०१६ साली घेतलेला अण्णांचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. रोज सकाळी तो त्यांना तसं कळवायचा. अण्णा ते प्रत्येक वेळी पूर्ण वाचायचे. शाळामास्तर माणूस, आलेली सूचना न वाचता बंद करणं त्यांच्या स्वभावात नाही. शेवटी त्यांनी फोनवर विचारलं, "हे मेलंय का मरायचंय?" मी सांगितलं, मेलेलं नाही, फक्त आता त्याला कुणी औषधपाणी देणार नाही. दिवाळीला येतो तेव्हा बघू.

आता पूर्ण विंडोज काढून टाकलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण अण्णांची भजनी मंडळाची वही त्यात आहे. वही म्हणजे दहाएक वर्षांपासून ते टाइप करत असलेले आमच्या भागात म्हटले जाणारे अभंग, गौळणी, भारुडं. हे सगळं युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टात. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरी अक्षरं बसवलेली. फॉन्ट असला तर 'ज्ञानदेव', नसला तर नुसता अगम्य कचरा. फॉन्टची फाइल उचलून लिनक्समध्ये ठेवता येते, वाचताही येतं. पण अण्णांच्या बोटांना सवय झालेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही आणि त्याचा डोंगल, म्हणजे ते चालवायची किल्ली, एका बाजूला सदैव खोचलेला असतो. देव्हाऱ्यातल्या टाकांइतकीच त्या डोंगलची काळजी घेतली जाते. तेव्हा जुनंही ठेवायचं, नवंही आणायचं. एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं.

हे काम मी पहिल्यांदा २००७ च्या डिसेंबरमध्ये केलं होतं. तेव्हा कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, सीडी पोस्टानं फुकट पाठवायची. आमच्या गावात परदेशातून येणारं ते बहुधा पहिलंच पाकीट असावं. पोस्टमननं ते उलटसुलट करून बघितलं आणि अण्णांना विचारलं, "पोरगं बाहेर जायचं म्हणतंय का?" आत ७.१० या आवृत्तीची चकचकीत सीडी. घरात तेव्हा जोडून घेतलेला संगणक होता, ८० जीबीची डिस्क. मोजायला गेलं तर ७४ आणि वर काही, कारण विकणारा हजारानं मोजतो आणि संगणक १०२४ नं. अण्णा म्हणाले होते, सातबाऱ्यावर एक आणि बांधावर एक, हे काही नवीन नाही. ती डिस्क दुकानदारानं तिघांत सारखी वाटून दिली होती: सी, डी, ई, प्रत्येकी पंचवीसच्या आसपास. सीचं नाव त्यानं 'श्री' ठेवलं होतं. धंद्याची सुरुवात देवाच्या नावानं, मग ती वही असो नाहीतर ड्राइव्ह.

डीमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो होते. स्टुडिओवाल्याचा अल्बम वेगळा. हे आमच्या मावसभावानं नवीन डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेले, हळदीचे, जेवणाच्या पंगतीचे, मांडवाच्या मागं रडणाऱ्या आईचे. ईमध्ये माझी गाणी. ई पुसायचं आणि तिथं उबुंटू बसवायचं, एवढा साधा बेत होता. पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला सी-डी-ई माहीत नसतात. तो म्हणतो एसडीए१, एसडीए२, एसडीए५, एसडीए६. तीन आणि चार कुठं गेले? तेव्हा मला कळत नव्हतं, आता सांगू शकतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात, म्हणजे सेक्टरमध्ये, वाटणीचा सगळा हिशेब असतो. त्यातही हिशेबाला बाइट ६४, म्हणजे सोळा-सोळा बाइटच्या चारच नोंदी. १९८३ साली आयबीएमच्या पीसीत दहा मेगाबाइटची डिस्क आली तेव्हा चार हिस्से म्हणजे चैन वाटली असणार. पुढं कुटुंब वाढलं, चार पुरेनात, तेव्हा एका हिश्श्याला 'विस्तारित' ठरवून त्याच्या पोटात आणखी हिस्से पाडायची युक्ती काढली, आणि त्या पोटहिश्श्यांची मोजणी पाचापासून सुरू केली. कारण पहिले चार आकडे मानकऱ्यांसाठी राखीव, मानकरी हजर असोत वा नसोत.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. पुढ्यात पाच आणि सहा, दोघांचा आकार हुबेहूब सारखा. दुकानदारानं वाटणी उन्नीस-बीस केली असती तरी ओळखता आलं असतं. सी एक, डी दोन, मग पाच म्हणजे ई असणार, असा काहीतरी हिशेब मी केला. पुसलं, नवीन बांधणी केली, उबुंटू बसलं. तपकिरी रंगाचा पडदा आला, ढोल वाजल्यासारखा तो सुरुवातीचा आवाज आला. मी खुशीत एसडीए६ उघडलं तर आत माझी गाणी.

अंगावर सर्रकन काटा येतो म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

पुढचे दोन दिवस मी घरात कुणालाच सांगितलं नाही. कॉलेजातल्या एका मित्रानं त्याची बाहेरून जोडायची डिस्क दिली आणि फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम. पुसणं म्हणजे बहुतेक वेळा पुसणं नसतं, हे मला त्यानं शिकवलं. नोंद जाते, माल तिथंच पडून असतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक नोंदवहीकडं बघतच नाही. तो डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो आणि फोटोची सुरुवात दिसली की उचलतो. रात्रभर ती डिस्क किरकिर करत होती आणि मी रजई पांघरून समोर बसलो होतो. सव्वाचारशेपैकी तीनशेच्या आसपास परत आले. नावं मात्र गेली ती गेलीच. 'हळद', 'सप्तपदी', 'पाठवणी' असे मावसभावानं केलेले फोल्डर नाहीत. नुसते एफ आणि पुढं आकडे, जिथं सापडला त्या सेक्टरचा नंबर. माणसाला त्याच्या गट नंबरानं हाक मारावी तसं. क्रमही विस्कटलेला, पाठवणी आधी, हळद नंतर. आणि काही फोटो अर्धे. ताईचा एक आहे, मुंडावळ्या बांधलेला, डोळे खाली. खांद्यापर्यंत ताई आणि खाली सपाट करडा रंग. तिथं उबुंटूनं आपलं काहीतरी मांडलं होतं.

ताईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. पुढं कधीतरी मला लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा किस्सा वाचायला मिळाला. १९९१ साली हेलसिंकीत विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायला त्यानं मोडेमला सांगायच्या ऐवजी चुकून आपल्या हार्ड डिस्कलाच नंबर फिरवायला लावला, आणि त्याचं मिनिक्स या तो वापरत असलेल्या प्रणालीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा हिस्सा, बिघडलं. ते पुन्हा बसवण्यापेक्षा आपण लिहीत असलेलंच पूर्ण करू, असं त्यानं ठरवलं. म्हणजे लिनक्सच्या पायाशीसुद्धा एक चुकून बिघडलेलं पार्टिशन आहे! मी मोठ्या उत्साहानं हे ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "त्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं का?"

तेव्हापासून मी रेघ ओढायच्या आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. पाडव्यालाही सकाळी आठपासून तेच चाललं होतं. मग आधी विंडोजच्या आतूनच जागा कमी करून बघितली. निम्म्याहून जास्त डिस्क रिकामी, तरी विंडोज थोडकीच जागा सोडायला तयार. असं होतं, कारण त्याच्या काही फाइली मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात आणि त्या चालू घरात हलवता येत नाहीत. अण्णांना एवढंच सांगितलं, तर ते म्हणाले, "रानात मधोमध म्हसोबा असल्यासारखं." मग हायबरनेशन बंद केलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. ते चालू असलं की विंडोज बंद होतंय असं दाखवतं, पण खरं तर दार नुसतं ओढून घेऊन आत झोपलेलं असतं, आणि झोपलेल्याच्या घराच्या भिंती सरकवणं बरं नव्हे. मग पेन ड्राइव्हवरून मिंट चालू केलं आणि ती पट्टी, ती रेघ समोर आली.

एक मोकळेपणानं सांगतो. पार्टिशन आणि शेताची वाटणी ही उपमा मी इतक्यांदा वापरलीय की ती आता माझी मलाच नकोशी झाली आहे. अण्णांनाही ती पटत नाही. म्हसोबा वगैरे ते बोलतात, पण मी फार ताणलं तर म्हणतात, "तुझ्या डिस्कवर डावीकडचं उचलून उजवीकडं ठेवता येतं. माती उचलून ठेव बघू." खरं आहे. आणि तरीही त्या रेघेकडं बघताना मला साखळीचा आवाज ऐकू येत होता.

१९९४ चा उन्हाळा. मी नऊ वर्षांचा. मोजणीदार आले होते, तिकाटण्यावर लाकडी फलक, त्यावर चिकटवलेला कागद, झेंडे आणि ती साखळी. ३३ फुटांची, सोळा आण्यांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. अण्णांनी हा गुणाकार मला तिथंच, उन्हात उभं करून, तोंडी करायला लावला होता. ज्वारी काढलेली होती. धसकटांवरून साखळी ओढली की तिच्या कड्या खडखडत जायच्या आणि माझ्या पोटऱ्यांना धसकटं टोचायची. काका आणि अण्णा एकमेकांशी बोलत होते, पण दोघंही मोजणीदाराकडं बघून. विहीर सामाईक राहिली, तीन-तीन दिवसांची पाळी. बांधावरच्या आंब्याचं काय करायचं, यावर तासभर गेला. आत्या दुपारी सगळ्यांची जेवणं घेऊन आली, मोजणीदारालाही वाढलं तिनं, भाकरी, पिठलं आणि त्याच आंब्याच्या कैरीचा ठेचा. कुणीतरी, बहुतेक गावातल्या एका जाणत्या माणसानं, सहज विचारलं, "हिचं काय?" तर काका म्हणाले, "तिचं काय ठरवायचंय? रान तर भरपूर आहे. यावं, राहावं, न्यावं." आत्या हसली. पुढच्या आठवड्यात तिनं हक्कसोडीवर सही केली. वळणदार सही होती तिची, सातवीपर्यंत शिकलेली. साडीचोळी झाली. ती पुढं दर वर्षी यायची, दोनच दिवस राहायची, जाताना पिशवीत कैऱ्या न्यायची, तेवढ्याही विचारून.

अण्णांनी त्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं.

तर पाडव्याला मी रेघ अडवून धरली होती आणि डोक्यात हे. ५०० जीबीची डिस्क, मोजून ४६५. मिंटला शंभर पुरले असते. पण पुढं काय लागेल? हाच या कामातला खरा त्रास आहे. आज किती वापरलंय ते डिस्क अचूक सांगते. उद्या किती लागेल ते तुम्ही सांगायचं असतं. एके काळी लोक मेमरीच्या दुप्पट स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायची जागा, ठेवायचे, होमचं, म्हणजे स्वतःच्या फाइलींचं, वेगळं पार्टिशन करायचे, रूटला, म्हणजे खुद्द प्रणालीला, दहा द्यावं की वीस यावर भांडायचे. दोन वर्षांत एका बाजूला गुदमरायला व्हायचं आणि दुसऱ्या बाजूला ओसाड. मीही असे आकडे टाकले आहेत, मोठ्या आत्मविश्वासानं. आता वाटतं, तो आकडा गरजेचा नसतोच. आपल्याला कशाची भीती वाटते त्याचा असतो. विंडोजला मी नेहमी जास्त ठेवत आलो, न जाणो परत जावं लागलं तर. माझ्या पुण्याच्या लॅपटॉपवर ती जागा सहा वर्षं तशीच आहे. मी तिथं वर्षातून दोनदा जातो, अपडेटं होईपर्यंत बसतो, परत येतो. काढूनही टाकत नाही.

शेवटी अण्णांना विचारलं, "सांगा, किती देऊ नव्याला?"

"राहणार कोण आहे?"

"म्हणजे?"

"जो राहणार त्याला जास्त द्यावं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण राहणार कोण, हे आधी कुठं कळतं."

मी दीडशेवर रेघ सोडली. इन्स्टॉलरनं विचारलं, हा बदल डिस्कवर लिहिला जाईल, मागं घेता येणार नाही, पुढं जायचं? हा प्रश्न मी कितीतरी वेळा बघितला आहे आणि २००७ नंतर एकदाही न थांबता 'हो' म्हणालो नाही. लॅपटॉपमधली चकती घुमायला लागली. आत कुठंतरी अभंग एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवले जात होते. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला आणि कान देऊन तो आवाज ऐकत बसले. आई उठून आली, म्हणाली, "चहा टाकू का झालं नाही अजून?" झालं नव्हतं. तरी तिनं टाकला.

झालं सगळं नीट. वहीतलं पहिलं पान उघडून बघितलं, शेवटचं उघडून बघितलं. एकच घोळ निघाला, आणि तो मला ठाऊक असूनही दर वेळी मी विसरतो. भाऊबिजेला सकाळी अण्णा म्हणाले, "अकरा वाजलेत आणि हे साडेपाच म्हणतंय." लॅपटॉपच्या आतल्या छोट्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लावून ठेवतो आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतो. विंडोज त्या घड्याळात भिंतीवरचीच वेळ आहे असं धरून चालतं. एकानं लावलेलं दुसरा आपल्या पद्धतीनं वाचतो. एका आज्ञेनं लिनक्सला भिंतीवरच्या वेळेवर आणलं. अण्णांना हे प्रकरण फार आवडलं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

दुपारी ताई आली. ओवाळून झालं, जेवणं झाली, मग तिला लॅपटॉप दाखवला. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर यादी येते, वर मिंट, खाली विंडोज, दहा सेकंदांत निवडलं नाही तर तो आपणच वरचं निवडतो. ताईनं विचारलं, "माझे फोटो कुठल्या बाजूला आहेत?" ते एफ-आकड्यांचे तीनशे फोटो अण्णांच्या या लॅपटॉपवरच असतात. विंडोजच्या बाजूला, म्हणालो, पण लिनक्सकडूनही दिसतात. लिनक्सला विंडोजचं अंगण दिसतं, विंडोजला लिनक्सचं दिसत नाही. तिनं मिंटमधूनच उघडले. एकेक बघत गेली. अर्ध्या करड्या फोटोवर थांबली, बोटानं पडद्यावरची धूळ पुसली, पुढं गेली.

अण्णा म्हणाले, "तुला किती पाहिजे ते सांग बाई. हा विचारत नाही कुणाला."

ताईनं मान वर केली नाही. "मला काय करायचंय अण्णा? फोटो दिसले की झालं."

अडकित्त्याचा आवाज झाला. सुपारीचे दोन तुकडे झाले, एक उडून लॅपटॉपच्या कळांवर पडला. मी तो उचलला. काहीतरी बोलायला हवं होतं हे मला कळत होतं, आणि अण्णा माझ्याकडं बघत आहेत हेही कळत होतं. आतून आईनं ताईला हाक मारली, पिशवीत काय काय भरायचं ते विचारायला. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघताना अण्णा म्हणाले, ते दहा सेकंद फार कमी आहेत, चष्मा लावेपर्यंत निघून जातात. मी उंबऱ्यात बसून ग्रबची, म्हणजे ती यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल उघडली, दहाच्या जागी उणे एक लिहिलं, अपडेट केलं आणि त्यांच्यासमोर लॅपटॉप बंद करून परत चालू केला. यादी आली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. चपला घालून झाल्या, आईनं दही हातावर दिलं, तरी यादी तशीच होती.